स्त्री संघाची वही : दुपटी आणि गोधड्या

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

उपासनेनंतर आमच्या चर्चच्या स्त्री संघाची बैठक. हजर १४.

मागच्या जानेवारीत कारखान्याच्या रस्त्यानं जाताना ऊसतोडीच्या मजुरांच्या कोप्यांपाशी, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपाशी, एक बाळ मी पाहिलं होतं. खताच्या मोकळ्या गोणीत गुंडाळलेलं. पहाटेचे साडेपाच झाले असतील. आई-बाप उसाच्या फडात गेलेले आणि सात-आठ वर्षांची बहीण त्याला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसलेली. तेव्हापासून ते चित्र मनातून हललेलं नाही. आज बैठकीत बोलून टाकलं.

उन्हाळ्यात मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पत्र्याचं काम झालं, त्यामुळे मंडळीच्या खात्यात फारसं काही नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीकडे हात पसरायचा नाही, हे सगळ्यांनाच पटलं. मग आपल्याकडे आहे काय? पाळक साहेबांच्या पत्नी, पाळकीणबाई, यांनी बायबलमधल्या निर्गमाचा चौथा अध्याय काढला. मोशे सांगतोय की हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि देव त्याला विचारतोय, तुझ्या हातात काय आहे? काठी. मेंढरं वळायची रोजची काठी. वाचन संपायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या हातात सुई हाय. चाळीस वर्सं झाली, हाय." बैठकीचा निकाल तिथंच लागला.

ठरलं ते असं. तान्ह्या बाळांसाठी दुपटी ४०, थोरांसाठी गोधड्या १०. नाताळाच्या आधी कोप्यांवर पोचवायची. कापड प्रत्येक घरातून, जुनं पण सुती. दोरा आपापसांत वर्गणी काढून. शिवायला दर शनिवारी दुपारी मंदिराच्या ओट्यावर बसायचं.

कापडाचा हिशेब आत्याबाईंनी तोंडी सांगितला, मी लिहून घेतला. नऊवारी लुगड्याचे चांगले वारभर लांबीचे आठ तुकडे पडतात. दुपट्याला चार पदर पुरतात, म्हणजे एका लुगड्यात दोन दुपटी. मोठ्या गोधडीला तीन पाचवारी साड्या : दोन साड्यांचे सहा पदर पोटात, तिसरीचे दोन तुकडे वर आणि खाली, उरलेला तुकडा कडांना नि ठिगळांना.

२२ सप्टेंबर, रविवार

३१ गाठोडी आली. उपासनेत मोठ्या आनंदानं मोजली. दुपारी ओट्यावर सोडली तेव्हा तो आनंद राहिला नाही.

निम्म्याच्या वर साड्या नायलॉन आणि पॉलिस्टरच्या. त्या घाम शोषत नाहीत, चुलीच्या ठिणगीनं चटकन वितळतात आणि अंगाला चिकटतात. कोपीत चूल आणि बाळ यांच्यात दोन हातांचं अंतर असतं. एका गाठोड्यात हुक निघालेले ब्लाऊज, एकात शाळेचा फाटका गणवेश. एकात न धुतलेली चादर होती, तिचा वास अजून नाकात आहे. कामाला येतील अशी लुगडी-साड्या मोजून ९.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोन्ही इथं लिहून ठेवते. मलाखीच्या पुस्तकात संदेष्टा याजकांना हेच विचारतो. लंगडं, आजारी जनावर वेदीवर आणता, तेच तुमच्या अधिकाऱ्याला नेऊन देऊन पाहा, घेईल का तो? जुनं देणं आणि टाकाऊ देणं यांत फरक आहे. जुनं लुगडं म्हणजे पन्नास धुण्यांनी मऊ झालेलं कापड, बाळाच्या अंगाला नव्यापेक्षा चांगलं. टाकाऊ म्हणजे आपल्याला घरातून काढायचंच होतं, ते देवाच्या नावानं काढलं.

पण लोकांवर सगळा दोष टाकणंही बरोबर नाही. "जुने कपडे द्या" एवढंच मी उपासनेत सांगितलं होतं. कशासाठी, कुणाच्या अंगावर जाणार, हे सांगितलंच नव्हतं. माझीच चूक. पाळकीणबाई आणि मी घरोघर जाऊन सांगायचं ठरलं. परत करायची गाठोडी हातात घेऊनच जायचं, मागं बोलायचं नाही. सांगायच्या गोष्टी तीनच : सुती हवं, धुतलेलं हवं, आणि आपल्या नातवाला त्यात गुंडाळाल असं हवं.

२८ सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर फिरलो. दोन घरांनी तोंड फिरवलं. बाकीच्यांनी ऐकलं, आणि ज्या घरातून न धुतलेली चादर आली होती त्याच घरातून आज तीन लुगडी आली, इस्त्री केलेली. कारण सांगितलं की इस्त्री करायला कुणी सांगितलं नव्हतं, पण करावीशी वाटली.

आता मोठी नोंद. वेशीजवळच्या आजींकडे मागायला आम्ही गेलोच नव्हतो. एकट्या असतात, मुलगा-सून पुण्याकडे. आज त्या स्वतः काठी टेकत ओट्यापर्यंत आल्या आणि पदराखालून एक इरकली लुगडं काढलं. गडद हिरवं, काठ अजून उजळ. त्यांच्याकडे बाहेर नेसायची दोनच लुगडी आहेत हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यातलं हे एक. मी म्हटलं, "आजी, हे ठेवा तुम्ही. नाताळाला काय नेसाल?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "बाई, थोडकं हाय म्हून नको म्हनता का?"

मला उत्तर सुचलं नाही. यरुशलेमाच्या मंदिरात भांडारासमोर बसून प्रभू लोकांचं देणं पाहत होता. एका विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकल्या, तिची होती नव्हती ती उपजीविका टाकली, आणि त्यानं तिला अडवलं नाही. शिष्यांना बोलावून दाखवलं. आजवर हा उतारा मी मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत किती वेळा शिकवला असेन, पण त्यानं तिला का थांबवलं नाही, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. आज आला. मी आजींना थांबवलं असतं तर त्यांच्या देण्याला मी थोडकं म्हटल्यासारखं झालं असतं. लुगडं घेतलं. हातात जड लागलं.

आजींना नाताळासाठी लुगडं संघानं घ्यायचं, ही वेगळी गोष्ट आणि वेगळी वर्गणी. ते या कामाच्या हिशेबात धरायचं नाही, आणि आजींना आधी कळू द्यायचं नाही.

आजवर कापड : लुगडी आणि सुती साड्या ३१, धोतरं ६.

५ ऑक्टोबर, शनिवार

धुणं. विहिरीवर सात जणी, दोन मोठी घंगाळं, सोडा आणि साबण. जुन्या कापडातली खळ आणि पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत तीन पाण्यांतून काढलं.

एक लाल साडी न तपासता मी धोतरांबरोबर भिजवली. चार धोतरं गुलाबी झाली. आत्याबाई एरवी मोठ्यानं बोलतात, आज काहीच बोलल्या नाहीत. प्रत्येक रंगीत कापडाचा कोपरा आधी ओला करून पांढऱ्यावर दाबून पाहायचा, हे लहान मुलीलाही माहीत असतं. मला घाई होती. गुलाबी धोतरं मिठाच्या पाण्यात तीन वेळा काढली, रंग सुटायचा थांबला. ती पोटात घालता येतील, वर-खाली नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

दसऱ्याचं कुणी येईल का ही शंका होती. अकरा जणी आल्या. शिवाय शेजारच्या वाड्यातल्या काकूही आपल्या आईची दोन नऊवारी लुगडी घेऊन आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या चर्चचं काम. मी चार टाके घातले तर चालतील का?" आत्याबाईंनी त्यांना हात धरून आपल्या शेजारी बसवलं. त्या संध्याकाळपर्यंत होत्या. जाताना आम्हाला सोनं देऊन गेल्या.

पहिली मांडणी. हे काम जमिनीवरच होतं, टेबलावर नाही. खालचा पदर अंथरायचा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हातानं सुरकुत्या काठाकडे सारत न्यायच्या. मग दुसरा पदर आडवा, तिसरा उभा, म्हणजे कापडाचा ताण एका बाजूला जात नाही. वरचा पदर टाकला की आधी मोठे कच्चे टाके. मग कडेनं सुरुवात करून धावदोरा आत आत, चौकोनात चौकोन, मधल्या बिंदूपर्यंत. मधून सुरुवात केली तर कापड कडेला फुगतं. आमच्यातल्या दोघींनी तसं केलं, उसवावं लागलं.

शिवताना भजनं झाली, बहुतेक नारायण वामन टिळकांची. नगरच्या मंडळ्यांत ती सगळ्यांना पाठ असतात, आणि ओवी-अभंगाच्या चालीवरची असल्यानं सुईच्या हाताला बरोबर जुळतात. काकूही म्हणू लागल्या. शब्द त्यांना नवे होते, चाल नवी नव्हती.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाऊस. ओटा ओला, आत मंदिरात बसलो. दुपटी ५ पूर्ण.

आज वाद झाला, आणि तो व्हायला हवा होता. तरुण संघातला एक मुलगा म्हणाला, प्रत्येक दुपट्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं क्रूस काढा, लोकांना कळू दे कुणी दिलं. दोघी-तिघींना ते आवडलं. सोबत एखादं वचनाचं पत्रक ठेवावं, असंही कुणी सुचवलं.

मी विरोधात होते. कोपीतल्या बाईला थंडीत पोरासाठी पांघरूण हवं आहे. ते घेताना तिच्यापुढं दुसरा प्रश्न ठेवणं म्हणजे तिची अडचण धरणं. नको म्हणायची तिची सोय राहत नाही, आणि जिथं नको म्हणता येत नाही तिथं हो म्हणण्याला काही अर्थ नसतो. डोंगरावरच्या प्रवचनात उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं सांगितलंय, ते दानधर्माबद्दलच. मुलगा म्हणाला, "बाई, मग आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं का?" प्रश्न खरा होता. लपवायचं नाही. कुणी विचारलं तर स्वच्छ सांगायचं की आम्ही अमुक मंडळीच्या बाया आहोत आणि प्रभूच्या प्रीतीनं हे केलं. विचारलं नाही तर दुपटं देऊन यायचं.

पाळक साहेबांनी शेवटी यापोच्या टबीथाची गोष्ट काढली. ती मेल्यावर विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिनं शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. तिनं काय उपदेश केला ते कुणी सांगत नाही. क्रूस काढायचा नाही, असं ठरलं. मुलगा नाराज झाला नाही. पुढच्या शनिवारी दगड उचलायला येतो म्हणाला.

२ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी. काम बंद. नोंद नाही.

१० नोव्हेंबर, रविवार, कापणीचा सण

आज वेदीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बाजरीच्या पायल्या, मुगाची पिशवी, भोपळे, दुधी, कांद्याच्या माळा, शेवग्याच्या शेंगा, अंड्यांच्या दोन टोपल्या, पाय बांधलेल्या चार कोंबड्या. एका घरानं तुरीच्या ओल्या शेंगांच्या जुड्या आणल्या. शेत नसलेल्या एका मजूर कुटुंबानं विकतची साखर आणली, अर्धा किलो, आणि ती बाजरीच्या शेजारीच ठेवली गेली.

पाळक साहेबांनी उपदेशात मिझोरामच्या मंडळ्यांचं सांगितलं. तिथं १९१० पासून घरातली बाई प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ आधी बाजूला काढते, आणि ते साठलेले तांदूळ मंडळीकडे जातात. वेगळी कमाई नाही, वेगळा पैसा नाही, रोजच्या भातातलीच मूठ. ऐकताना माझ्या मनात आलं, ती मूठ शिजवण्याच्या आधी निघते. उरलं तर देऊ असं त्यात नाही. २२ सप्टेंबरच्या नोंदीत मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते हेच.

उपासनेनंतर अंगणात लिलाव. तो ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. एक भोपळा चाळीस रुपयांना गेला, घेणाऱ्यानं परत दिला, पुन्हा बोली, साठ, पुन्हा परत, शेवटी दीडशेला गेला आणि तो शेजारच्या आजारी माणसाच्या घरी पोचला. एक अंडं पाच वेळा विकलं गेलं. बोली लावणारे मामा खरे गवंडी, पण त्यांचा आवाज गावच्या वेशीपर्यंत जातो आणि वर्षातून एकदा तो आवाज देवाच्या कामी येतो. मुलं कोंबड्यांमागं धावत होती.

लिलावाची जमा १८,६४० रुपये. पंच कमिटीनं आपणहून २,००० रुपये दुपट्यांच्या कामाला दिले. आम्ही मागितले नव्हते. त्यातून : मांजरपाट २५ मीटर, १,५०० रुपये. जाड पांढरा दोरा आणि सुया, ४८० रुपये. शिल्लक २०.

१७ नोव्हेंबर, रविवार

गाळप हंगाम १५ तारखेला सुरू झाला, पण २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे ऊसतोडीच्या बऱ्याच टोळ्या मत देऊन मगच निघणार असं कळलं. कोप्या अजून अर्ध्याच उभ्या. दुपटी १४, मोठ्या गोधड्या २.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज शिवणं नाही. आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर आमच्याच मंडळीतली आहे, तिच्याबरोबर तिघी कोप्यांवर गेलो. हे आधीच करायला हवं होतं. चाळीस दुपट्यांचा आकडा मी घरात बसून काढला होता.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर उसाचं पाचट आणि वर प्लॅस्टिकचा कागद. उंची एवढी की माणूस मध्यभागीच ताठ उभा राहतो. आत एक पेटी, पिठाचा डबा, भांडी, कोयते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हिशेबही तसाच. पहाटे तीन-चारला उठून फडात, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या बायका मी आज जवळून पाहिल्या. एकीला सातवा महिना होता.

बहुतेक जण बीडकडचे, काही पाथर्डीचे. मुकादमाला आधी भेटलो, परवानगी घेतली. कोप्या ५८. दोन वर्षांखालची बाळं २६. त्याच्यापेक्षा मोठी, तीन ते दहा वर्षांची, कितीतरी जास्त. त्यांच्यासाठी आम्ही काहीच धरलं नव्हतं! दुपटं त्यांना पुरत नाही आणि मोठी गोधडी आई-बापच घेतात.

बदललेला बेत : दुपटी २६ आणि येणाऱ्या बाळंतपणासाठी २. चार फूट बाय तीन फुटांच्या मुलांच्या गोधड्या जमतील तेवढ्या. मोठ्या गोधड्या ६ वर थांबवायच्या.

१ डिसेंबर, रविवार, आगमन काळाचा पहिला रविवार

हवा ढगाळ, थंडी गेल्यासारखी. शिवणं उपासनेनंतर, कारण दिवस कमी आहेत.

आज आजींचं इरकल मांडलं. त्याचं काय करायचं यावर आठवडाभर बोलणं चाललं होतं. कापू नये, कुणाला तरी तसंच नेसायला द्यावं, असंही एक मत होतं. आजी म्हणाल्या, "गोधडीला दिलंय." मुलांच्या दोन गोधड्यांचे वरचे पदर त्यातून निघाले, आणि काठ उतरवून चारी कडांना लावला.

आत्याबाईंची एक पद्धत आहे. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्या आत वाळल्या भाकरीचा तुकडा सरकवतात, नखाएवढा. त्यांच्या आईची, आजीची हीच चाल. गोधडीचं पोट उपाशी शिवू नये, म्हणजे ती ज्याच्या अंगावर जाईल तो उपाशी राहत नाही. एका मुलीनं विचारलं, "आत्या, ही अंधश्रद्धा नाही का?" आत्याबाई सुईत दोरा ओवत होत्या, नजर वर केली नाही. म्हणाल्या, "मी तुकडा घालते आनि प्रार्थना करते. आयकनारा एकच हाय." तुकडा घातला, डोळे मिटले, ओठ हलले, मग कोपरा शिवला. मी त्यांच्या समोरच बसले होते. अंगठ्याला सुईच्या टोकानं पडलेली जुनी काळी छिद्रं होती, पीठ मळणाऱ्या हाताला असतात तशा भेगा होत्या, आणि दोन्हींत भाकरीचं पीठ बसलेलं होतं.

संध्याकाळी घरी लूकचं शुभवर्तमान वाचताना नेहमीचा शब्द समोर आला : बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. बाळंतं. मरियेला ते कुणीतरी दिलं असेल किंवा तिनं स्वतः एखाद्या जुन्या वस्त्राचं फाडून केलं असेल. देवाच्या पुत्राच्या अंगाला लागलेलं पहिलं कापड.

७ डिसेंबर, शनिवार

दुपटी २२, मुलांच्या ७, मोठ्या ५.

तुकडे मोजणं, कापणं, कुणाकडे काय गेलं याची यादी, हे सगळं आता एक मुलगी बघते. दहावीत गणित राहिलं म्हणून ती दोन वर्षं घरात तोंड लपवून बसली होती. पाचवारी साडीतून मुलांच्या गोधडीचे किती पदर निघतील आणि वाया किती जाईल, हे ती कागद न घेता सांगते. केडगावच्या मुक्ती मिशनची आठवण झाली. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि खिळे जुळवायचं काम तिथल्या स्त्रियांनी केलं. दुष्काळातून आलेल्या, घरानं टाकलेल्या बायका-मुली. भाषांतर संपवून रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. रमाबाईंचं नाव सगळे घेतात, घ्यावंच. पण शिशाची अक्षरं एकेक उचलून उलटी मांडणारी ती बोटं नसती तर ते भाषांतर पेटीतच राहिलं असतं. हे मी मुलीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मांजरपाट पावणेदोन मीटर उरलाय."

१५ डिसेंबर, रविवार

थंडी परतली, आणि जोरात. रात्री उशिरापर्यंत बसतोय. दुपटी अजून ४ हवीत. नवख्या मुलींनाही सुया दिल्या.

२२ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी सहाला कोप्यांवर. दुपटी २८, मुलांच्या ११, मोठ्या ६. ट्रॅक्टर मंडळीतल्या एका भावाचा, डिझेलचे पैसे त्यानं घेतले नाहीत. फोटो काढायचे नाहीत असं आधीच ठरवलं होतं, आणि कुणी काढले नाहीत.

प्रत्येक कोपीच्या दारात जाऊन दिलं, रांग लावली नाही. आजींच्या इरकलाची एक गोधडी गेल्या जानेवारीतल्या त्या बहिणीला मिळावी असं मला फार वाटत होतं. ती टोळी यंदा या बाजूला आलेलीच नाही. दुसऱ्या एका मुलीला दिली. तिनं काठावर बोट फिरवलं आणि गोधडी डोक्यावरून घेऊन पळाली.

मग एका बाईनं दुपटं हातात घेतलं. चार महिन्यांचं बाळ काखेत. उलटं केलं, अंगठ्यानं टाक्यावर टाका चाचपत गेली आणि म्हणाली, "बाई, राग येऊ देऊ नका. टाका लई लांब पडलाय. पोराचं बोट आडकंल." खरंच होतं. टाका अर्ध्या बोटाएवढा, आणि गाठी बाहेरच्या बाजूला. बाळाचं पायाचं बोट त्यात अडकून दोरा आवळला तर काय होईल, ते तिथल्या तिथं डोळ्यांपुढं आलं. विचारलं, तुमच्याकडं केवढा टाका घेतात? "दोन तांदळाएवढा," ती म्हणाली. "आन् गाठ पोटात."

सगळी दुपटी तिथंच पुन्हा तपासली, बॅटरीच्या उजेडात. लांब टाक्यांची ११ निघाली. सगळी शेवटच्या महिन्यातली, नाताळाच्या आत संपवायचं म्हणून घाईघाईनं झालेली. मलाखीचं वचन मी लोकांच्या गाठोड्यांवर लावलं होतं. ते आमच्या शिवणावर लावायचं मला सुचलं नव्हतं. लाज वाटली, आणि त्या बाईबद्दल मनापासून आभार वाटले.

थंडीत बाळांना रिकामं ठेवता येत नव्हतं. तिथंच ठरवलं : ती ११ परत घ्यायची, बदल्यात प्रत्येक घरी आमच्या स्वतःच्या घरातली एक शाल किंवा चादर तोवर द्यायची. ट्रॅक्टर दुसरी खेप करून आला.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. आजी नवं लुगडं नेसून आल्या. निळं.

२९ डिसेंबर, रविवार

दुपारनंतर आत्याबाई, मी आणि शेवटी शेवटी शिवायला बसलेल्या तिघी मुली त्या बाईच्या कोपीवर. तिचा नवरा गाडी खाली करायला कारखान्यावर गेलेला. तिनं गोणपाट अंथरलं, आम्हाला बसवलं, गुळाचा चहा दिला. मग आत्याबाईंकडून सुई घेऊन तिनं टाका घालून दाखवला. सुई उभी न धरता जवळजवळ आडवी धरते, कापड डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणते, आणि एका दमात पाच-सहा टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढते. म्हणून तिचे टाके सारखे पडतात. गाठ मारून दोरा पदरांच्या मधून एक बोट फिरवते आणि तिथंच तोडते. आत्याबाई चष्मा पुसून तिच्या हाताशी वाकून बघत होत्या. "परत घाल बरं, बाळे," असं तीनदा म्हणाल्या.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

११ पैकी ७ उसवून, दोन तांदळांच्या टाक्यानं पुन्हा शिवली. ४ बाकी.

मुकादमाचा निरोप आला, टोळी उद्या सकाळी पुढच्या गावच्या फडावर हलणार. म्हणजे ही चार आज रात्रीच व्हायला हवीत. मंदिरात दिवे लावून सहा जणी बसलोय, काकूही आल्यात. उसवायचं काम माझ्याकडे. दोरा दीड रीळ शिल्लक, पुरेल.